भाव कोण ठरवते, हे कोणत्या वर्गात शिकवतात?



मी शिकलो शेतीशास्त्र. कपाशीच्या दोन तासांत किती अंतर ठेवायचे, पेरणी लांबली की ज्वारीवर खोडमाशी का येते, भारी जमिनीत ओल किती दिवस टिकते, हे चार वर्षे घोकले. पदवी घेतली आणि गावोगाव जाऊन तेच सांगत फिरलो. वरूड तालुक्यातल्याच एका गावी, मारुतीच्या पारावर, बियाणे-खत-फवारणीवर तासभर बोलून झाले. शेवटी एक म्हातारे कास्तकार उठले. म्हणाले, "सायेब, कापूस कसा पिकवाचा थे तुमी सांगतलं. आता भाव कोन ठरवते थे बी सांगून द्या, म्हंजे आमी घरी जातो."

लोक हसले. मीही हसलो. पण माझ्याजवळ उत्तर नव्हते. चार वर्षांच्या शिक्षणात हा प्रश्न एकदाही कोणी फळ्यावर लिहिला नव्हता. मातीचा सामू मला पाठ होता. त्या मातीतून निघालेल्या बोंडाची किंमत कुठल्या खोलीत, कोणाच्या सहीने ठरते, याचा पत्ता नव्हता. तो एक प्रश्न मला चळवळीत घेऊन आला.

आज लिहायचे आहे ते त्याच प्रश्नाबद्दल. कारण त्याचे उत्तर ज्या विषयात आहे, तो विषय आपण सगळ्यांनी मिळून उकिरड्यावर टाकला आहे. तो विषय म्हणजे राज्यशास्त्र.

आपल्या घरातला हिशोब सगळ्यांना माहीत आहे. हुशार पोरगा सायन्सला. त्याच्या खालचा कॉमर्सला. ज्याचे कुठेच जमत नाही तो आर्टला, आणि आर्टला गेला की राज्यशास्त्र घेतो, कारण त्यात पास होता येते. परीक्षेच्या आठ दिवस आधी गाईड आणायचे, वीस प्रश्न पाठ करायचे आणि निकालाच्या दिवशी पुस्तक रद्दीत घालायचे. पोरीने घेतला तर आणखी सोपे. "लग्न होईपर्यंत काहीतरी शिकते आहे" म्हणून बाप गप्प बसतो.

दुसरी एक जात आहे. ती पोरे राज्यशास्त्र मन लावून वाचतात. अमरावतीच्या, पुण्याच्या खोल्यांत चार-चार वर्षे राहून घटनेची कलमे पाठ करतात. बाप इकडे तूर विकून खोलीचे भाडे पाठवतो. माझा भाचा त्यांतलाच. बेचाळिसावी घटनादुरुस्ती विचारा, त्र्याहत्तरावी विचारा, झोपेतून उठवले तरी सांगेल. मागच्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा मी त्याला विचारले, "बापू, कापसाचा हमीभाव कोणत्या कायद्याने मिळतो?" तो बराच वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, "मामाजी, हे पेपरात येत नाही."

पेपरात येत नाही! भाऊंनो, चूक पोराची नाही. त्याला सरकार शिकायचे आहे ते सरकारच्या खुर्चीत बसण्यासाठी. त्या खुर्चीला प्रश्न कसा विचारायचा, हे शिकायला त्याला कोणी सांगितलेच नाही. सगळी पोरे तहसीलदार होत नाहीत. हजारात एखादा होतो. उरलेले वय संपवून गावी परत येतात. कलमे पाठ असतात, पण बापाला आलेल्या विम्याच्या कागदावर सही करण्याआधी तो कागद वाचून समजावून सांगता येत नाही.

भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर मी इथे देतो. हमीभाव कोणत्याही कायद्याने मिळत नाही. 1965 साली कृषी मूल्य आयोग नेमला गेला. 1985 पासून त्याचे नाव कृषी खर्च व मूल्य आयोग झाले. तो फक्त शिफारस करतो. ठरवते केंद्रीय मंत्रिमंडळाची अर्थविषयक समिती. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा भाव 8,110 रुपये आणि संकरित ज्वारीचा 3,699 रुपये क्विंटल जाहीर झाला तो असाच. त्या भावाने घेतलाच पाहिजे असे व्यापाऱ्यावर बंधन घालणारा कायदा संसदेने केलेला नाही. म्हणून जाहीर भाव एक आणि हर्रासीतला भाव दुसरा. हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. शिफारस, निर्णय आणि कायदा या तीन गोष्टींतला फरक कळावा लागतो. आणि हा फरक म्हणजेच राज्यशास्त्र.

आता राज्यशास्त्राचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा. एकेक धडा घ्या आणि आपल्या वावरात आणून उभा करा.

पहिला धडा : प्रदत्त विधिविधान. भारदस्त नाव आहे. अर्थ साधा आहे. संसद कायदा करते आणि त्याखाली नियम, अधिसूचना काढायचा अधिकार सरकारला देऊन टाकते. पोरे हा धडा पाच मार्कांची टीप म्हणून लिहितात. आता वावरात या. 1962 च्या सीमाशुल्क कायद्याचे 25 वे कलम केंद्र सरकारला अधिसूचना काढून आयात शुल्कात माफी द्यायचा अधिकार देते. त्याच अधिकारात 19 ऑगस्ट 2025 पासून परदेशी कापसावरचे 11 टक्के शुल्क माफ झाले. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. त्या दिवशी आपल्या पऱ्हाटीला पात्या-फुले होती. बोंड फुटून बंडी बाजारात जाईपर्यंत बाहेरचा कापूस स्वस्त होऊन बसला. यासाठी संसदेत आधी मतदान घ्यावे लागले नाही. एक अधिसूचना पुरली. तुम्ही तालुक्याला मोर्चा नेला, तहसीलदाराला निवेदन दिले. त्या बिचाऱ्याच्या हातात त्यातले काय होते? ज्याला अधिसूचना म्हणजे काय हे माहीत नाही, तो आयुष्यभर चुकीच्या दारावर धडका देत राहतो.

दुसरा धडा : कायद्यातील व्याख्या. हा धडा पुस्तकात वेगळा नसतो, पण सगळी राजकारणाची कला त्यातच आहे. 29 फेब्रुवारी 2008 च्या अर्थसंकल्पात कर्जमाफी जाहीर झाली. दोन हेक्टरपर्यंतचा तो अल्पभूधारक, त्याचे थकलेले पीक कर्ज पूर्ण माफ. त्याच्या वरचा तो "इतर शेतकरी". त्याने 75 टक्के भरावे, मग 25 टक्के सूट. म्हणजे चार एकर बारमाही ओलीत असणाऱ्याचे माफ, आणि सहा एकर कोरडवाहू, पावसाच्या भरवशावर कपाशी पेरणारा आपला माणूस "इतर". मे महिन्यात नियम आले तेव्हा दुष्काळप्रवण जिल्ह्यांसाठी 25 टक्के किंवा 20,000 रुपये, यांतली जी रक्कम जास्त तेवढी सूट, अशी मलमपट्टी झाली. दोन हेक्टरची रेषा तशीच राहिली.

आता गंमत बघा. याच राज्याचा 1961 चा जमीन कमाल मर्यादा कायदा आहे. 1975 च्या सुधारणेनंतर त्यात बारमाही ओलिताची मर्यादा 18 एकर आणि कोरडवाहूची 54 एकर. म्हणजे जमीन काढून घ्यायची होती तेव्हा सरकारने स्वतः लिहून ठेवले की तीन एकर कोरडवाहू म्हणजे एक एकर ओलीत. आणि माफी द्यायची वेळ आली तेव्हा एक एकर म्हणजे एकच एकर! घेताना एक माप, देताना दुसरे. हेच माप अडत्याने वापरले असते तर आपण त्याचा काटा उपटला असता. सरकारच्या काट्यावर बोट ठेवायला मात्र दोन कायदे शेजारी-शेजारी ठेवून वाचणारा माणूस लागतो. असा माणूस आपल्या प्रत्येक तालुक्यात तेव्हा दहा-दहा असता, तर ती रेषा तशीच राहिली असती का?

तिसरा धडा : स्थानिक संस्था व निवडणुका. कापसाचा बाजार कायद्याने बांधायची सुरुवात देशात आपल्या वऱ्हाडातूनच झाली. 1886 साली कारंज्याचा बाजार, 1897 साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा. त्या कायद्याखालच्या समितीत जागा होत्या नगरपालिकेच्या माणसांना आणि कापसाच्या व्यापाऱ्यांना. कापूस पिकवणाऱ्याला नव्हती. सव्वाशे वर्षे होऊन गेली. आज बाजार समितीत 18 पैकी 15 जागा शेतकऱ्यांच्या म्हणून लिहिलेल्या आहेत, 11 सोसायट्यांकडून आणि 4 ग्रामपंचायतींकडून. म्हणजे जुन्या पद्धतीने मत देतात ते सोसायटीचे संचालक आणि ग्रामपंचायतीचे सदस्य. 2017 साली राज्य सरकारने किमान दहा गुंठे जमीन असलेल्या शेतकऱ्याला या निवडणुकीत थेट मत दिले. 2020 साली दुसरे सरकार आले आणि ते काढून घेतले. दोन्ही वेळा कायदा बदलला. मी सभांमध्ये विचारतो, "तुम्हाला मत मिळाले होते, कळले का?" हात वर होत नाहीत. "मत गेले, कळले का?" तरी हात वर होत नाहीत. मिळालेले कळले नाही म्हणून गेलेले दुखले नाही. खिशातले दहा रुपये पडले तर आपण बाजारभर शोधतो!

चौथा धडा : राज्यपालांचे विशेष अधिकार. घटनेचे 371 (2) हे कलम विदर्भाच्या विकास मंडळाचे. 1994 साली मंडळ झाले, 30 एप्रिल 2020 ला त्याची मुदत संपली. सिंचनाचा अनुशेष हा शब्द आज प्रत्येक पुढाऱ्याच्या तोंडी आहे. तो मोजला कोणी? 1983 साली नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकरांच्या समितीने. तो वर्षानुवर्षे विधान परिषदेत आकड्यानिशी कोणी मांडला? अमरावतीच्या पदवीधर मतदारसंघातून गेलेल्या प्रा. बी. टी. देशमुखांनी. आंदोलने झाली, ती हवीच होती. पण आंदोलनाच्या हातात आकडा आणि कलम देणारे लोक होते म्हणून सरकारला तो शब्द गिळता आला नाही.

आता काही जुने कार्यकर्ते मला म्हणतील, आणि म्हणालेही आहेत : "भाऊ, राजकारण म्हणजे घाण. पोरांना त्यात कशाला ढकलता? शिकून पुढारी होतील आणि आपल्यालाच विकतील." यांना माझे दोन सवाल आहेत. गोठ्यात शेण साचले म्हणून आपण गोठ्यात जाणे सोडतो का? आणि आज जे आपल्याला विकतात, ते राज्यशास्त्र शिकून विकतात का? ते आपल्या अडाणीपणावर विकतात. ज्याला कागद वाचता येतो त्याला विकणे महाग पडते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. "या पदवीने पोट भरत नाही." बरोबर आहे. नाही भरत. एकट्या राज्यशास्त्राच्या बी. ए. ला बाजारात फार किंमत नाही, आणि मी कोणत्याही बापाला वावर गहाण टाकून पोराला ही पदवी द्या असे सांगणार नाही. ज्याला सायन्स जमते त्याने सायन्सच करावे. माझे म्हणणे एवढेच आहे. जी हजारो पोरे-पोरी आजच आर्टला जात आहेत, हा विषय घेतच आहेत, त्यांची तीन वर्षे वाया का घालवता? फी तीच, एसटीचा पास तोच, वर्गही तोच. फक्त गाईड पाठ करण्याऐवजी त्यांनी आपल्या गावाचे सरकार वाचावे.

आणि विद्यापीठालाही सोडून चालणार नाही. अमरावती विद्यापीठ 1 मे 1983 ला झाले ते या भागातल्या पोरांसाठी. तिथे रूसो शिकवावा, प्लेटो शिकवावा, माझे काही म्हणणे नाही. परक्याचे शहाणपणही शहाणपणच असते. पण लोकशाही शिकवणाऱ्या वर्गात लोकशाही किती? 1994 च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद केल्या आणि मार्कांवर प्रतिनिधी नेमायला सुरुवात झाली. 2016 च्या कायद्यात निवडणूक पुन्हा लिहिली गेली. 2019 साली घ्यायचे ठरले आणि पुढे ढकलले. अठराव्या वर्षी पोरगा खासदार निवडू शकतो, पण वर्गाचा प्रतिनिधी निवडायचा म्हटले की शांतता बिघडते म्हणे! पोहण्याचे पुस्तक हातात द्यायचे आणि विहिरीला झाकण घालायचे, असा हा प्रकार आहे.

हे गाऱ्हाणे नवे नाही. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडले होते की सरकारी तिजोरीत पैसा येतो तो रयतेच्या घामाचा, आणि त्यातून वरचे शिक्षण मिळते ते वरच्या वर्गाला. आता शिक्षण आपल्या दारात आले, एसटीने तासाभरात कॉलेज गाठता येते. पण कॉलेजात गेल्यावर आपलेच वावर पुस्तकात सापडत नाही, ही आजची लूट आहे. ती पैशाची नाही म्हणून डोळ्यांना दिसत नाही.

आणि आपल्यात उदाहरण नाही असे कोणी म्हणू नये. पापळच्या शेतकऱ्याचे पोर, 1898 चा जन्म. विलायतेला गेले, बॅरिस्टर झाले, वेदवाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. ते डॉ. पंजाबराव देशमुख. परत येऊन त्यांनी काय केले? शिवाजी शिक्षण संस्था उभी करून कास्तकारांच्या पोरांसाठी शाळा-कॉलेजे काढली. घटना समितीत बसले. 1952 पासून दहा वर्षे देशाचे शेतीखाते सांभाळले. त्यांच्या सगळ्या धोरणांशी माझे जमते असे नाही. पण एक गोष्ट त्यांना नेमकी कळली होती. कायदा जिथे लिहिला जातो त्या खोलीत आपला माणूस नसेल, तर तो कायदा आपल्यावर लिहिला जातो.

मायबहिणींना वेगळे सांगायचे आहे. 1993 पासून त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतीत तुमच्या एक तृतीयांश जागा आल्या, 2011 पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. तरी किती गावांत सरपंचबाई सही करतात आणि कारभार नवरा करतो? राज्यशास्त्र घेऊन घरात बसलेली पोरगी प्रत्येक गावात आहे. उद्या ती कोणत्या तरी गावची सून होणार, आणि तिथली सरपंचही होऊ शकते. तिला ग्रामपंचायतीचा कायदा वाचता आला तर सही आणि कारभार एका हाती येईल. तिच्या तीन वर्षांना "लग्नापर्यंतचा वेळ" म्हणू नका.

आता कामाचे बोलू. या जिल्हा बैठकीत नुसत्या टाळ्या नकोत. माझ्या चार सूचना आहेत.

एक. प्रत्येक गावशाखेने आपल्या गावातल्या राज्यशास्त्राच्या पोरापोरींची यादी करावी. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पदवीला क्षेत्र प्रकल्प आहेत. त्यांनी विषय गावातलाच घ्यावा : आपल्या मंडळाचे विम्याचे उंबरठा उत्पन्न कसे काढले, आपल्या गावाची पैसेवारी कोणी ठरवली, बाजार समितीची मतदार यादी कशी झाली. लिहिलेला प्रकल्प त्यांनी कॉलेजात द्यावा आणि ग्रामसभेतही वाचावा.

दोन. अभ्यासक्रम ठरवते विद्यापीठाचे अभ्यास मंडळ. त्याला जिल्ह्यातून मागणी जावी की बाजार समितीचा कायदा, हमीभावाची पद्धत, पीक विम्याची रचना आणि 371 (2) कलम हे शिकवले जावे. मागणी तोंडी नको. लेखी द्या, पोच घ्या.

तीन. आपल्या गावातले पदवीधर मोजा. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा आहेत. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची यादी तर दर निवडणुकीला नव्याने होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी राहत नाही. कास्तकारांची पदवीधर पोरे नोंदणीच करत नाहीत आणि मग म्हणतात आपले ऐकले जात नाही.

चार. आपण म्हातारे-कोतारे कॉलेजात जाणार नाही. पण महिन्यातून एक रात्र, उलंगवाडी झाल्यावर तर नक्कीच, पारावर बसून एक शासन निर्णय मोठ्याने वाचू. पोरे वाचतील, आपण प्रश्न विचारू. ज्याला अक्षर येत नाही त्याचा प्रश्न पुष्कळदा सगळ्यांत धारदार असतो. माझा अनुभव आहे.

वरूडला लोक संत्र्याचा तालुका म्हणतात. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांच्यासाठी तो संत्र्याचा आहे. बाकीच्यांच्या वावरात कपाशी, तूर, ज्वारी आणि वरून पाऊस आला तर आला. पावसाला आपण कायदा लावू शकत नाही. पण भाव, माफी, विमा, मत या चार गोष्टी आभाळातून पडत नाहीत. त्या माणसे लिहितात, आणि माणसांनी लिहिलेले माणसांना खोडता येते. फक्त वाचता आले पाहिजे.

पारावरचे ते म्हातारे बाबा आज नाहीत. त्यांना मी त्या दिवशी उत्तर न देता घरी पाठवले, ही टोचणी माझ्या मनात कायम आहे. त्यांचा नातू यंदा कॉलेजला आर्टला गेला आणि त्याने राज्यशास्त्र घेतले आहे. घरच्यांनी विचारले, काय करू? मी सांगितले, त्याला एकच प्रश्न देऊन पाठवा. आजाने विचारला होता तोच.